पहिला सर्व्हर लावताय? आधी डिस्कचं गणित

चार डिस्क आणल्यात ना, छान. पण रेड लेव्हल, म्हणजे डिस्क एकत्र जोडून त्यांच्यात डेटा वाटायची पद्धत, निवडायची घाई नको. त्यावर काय चालणार, ते आधी ठरवा.

४ टीबीच्या चार डिस्क धरू. रेड ५ मध्ये १२ टीबी जागा मिळते, पण एकच डिस्क गेलेली चालते. रेड ६ आणि रेड १०, दोन्हींत ८ टीबीच. रेड ६ कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी तगतो. रेड १० मध्ये जोडीतल्या दोन डिस्कवर एकच डेटा असतो, त्यामुळे एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की खेळ खल्लास. डेटाबेस असेल तर रेड १० घ्या, नुसत्या फायली ठेवायच्या तर रेड ६. एवढ्या मोठ्या डिस्कवर रेड ५ मी तरी लावत नाही. रीबिल्ड, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं, तासन् तास चालतो आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळंच जातं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रेडलाच बॅकअप समजणं. चुकून डिलीट केलेली फाईल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. बॅकअप वेगळ्या मशीनवर हवा.
- स्वस्त मिळाली म्हणून एसएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून सलग लिहिताना संथ) घेणं. रीबिल्डच्या वेळी रडवते.
- ईमेल अलर्ट न लावणं. आमच्याकडे एका डिस्कचा केशरी दिवा कित्येक आठवडे लुकलुकत होता. बीप ऐकून कोणीतरी सर्व्हर रूमचं दार तेवढं लावून घेतलं होतं!

स्ट्राइप साइज, कॅशे वगैरे सध्या राहू द्या. खरा डेटा टाकण्याआधी मात्र हॉट-स्वॅप बेमधली (सर्व्हर चालू असतानाच डिस्क बदलता येते त्या कप्प्यातली) एक डिस्क मुद्दाम काढा, परत घाला आणि रीबिल्ड होताना एकदा बघा.