या यादीत बायको कुठे आहे?

"दोन मिनिटं टेकले तरी चोरी केल्यासारखं वाटतं." कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांमधून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका हे इतक्यांदा सांगतात की पुढचं वाक्यही आता ओळखीचं झालंय: "प्रभूने हात दिलेत ते कामालाच ना?"

अशाच एक ताई. हायस्कूलमध्ये शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या आसपास. तक्रार चिडचिडीची, पाठीची आणि प्रार्थनेत मन न लागण्याची. निदान त्यांनी स्वतःच करून आणलं होतं: विश्वास कमी पडतोय.

मी विश्वासाला हात लावला नाही. झोप विचारली. पाच तास. रविवार विचारला. पहाटे संडे स्कूलची तयारी, मग उपासना, घरी आल्यावर वाटण, तांबडा-पांढरा, सुकं, जेवायला दीर-जाऊ, चारला भांडी, संध्याकाळी महिला मंडळ आणि रात्री वह्या. वायल्डर हे अमेरिकन मिशनरी दांपत्य १८५२ साली इथे आलं, तेव्हापासून रविवारची उपासना आपल्याकडे मुरली. विसावा मात्र पुरुषांच्या दुपारच्या झोपेपलीकडे फारसा गेला नाही. कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे बाईचा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस.

माझा कल आधी देहाकडे असतो, आणि त्याला आधार बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाचा आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली "आता पुरे" म्हणून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. म्हणून पहिले तीन आठवडे ताईंना एवढंच सांगितलं: साडेदहाला दिवा बंद, आणि रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या ताई चहाबरोबर घेत होत्या. चहाने लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवून लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लावल्या.

चौथ्या भेटीत दहा आज्ञा काढल्या. निर्गम २० मध्ये शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, कारण सृष्टीची उत्पत्ती. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र कारण वेगळं: तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. दासाला सुट्टी नसते. हे त्यांना मोठ्याने वाचायला दिलं. "तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव..." वाचता वाचता त्या थांबल्या. बोट मागे नेलं, पुन्हा वाचलं.

"यात बायको कुठाय? गाढव आहे, बायको नाही!"

मी गप्प राहिले. अशा वेळी उत्तर ओठांवर येतं, ते गिळावं लागतं. त्यांनी वेशीच्या आतल्या उपऱ्यापर्यंत यादी पुन्हा तपासली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे ती 'तू'मध्येच आहे का?"

"असंच दिसतंय."

"मग विसावा घ्यायची आज्ञा मलाच आहे. आणि मी दासीच्या जागी जाऊन बसलेय." असं म्हणून त्या हसल्या, मग डोळे पुसले. अभ्यासकांनी हा मुद्दा पूर्वी मांडलेला आहे. पण एका शिक्षिकेने तो स्वतःच्या बोटाने शोधला, त्याला तोड नाही. तोवर विसावा त्यांच्या लेखी काम संपल्यावरचं बक्षीस होतं, आणि काम काही संपत नव्हतं.

इथवर येऊन बहुतेक जणी पुढच्याच रविवारी आपटतात, कारण त्या रविवारची तयारी रविवारी करतात. मान्ना म्हणजे रानात इस्राएलांना देवाने रोज दिलेलं अन्न, आणि त्याचा धडा (निर्गम १६) नेमका हाच आहे: एरवी माणशी एक ओमर (धान्याचं माप), सहाव्या दिवशी दोन, भाजायचं ते भाजा, शिजवायचं ते शिजवा, उरलेलं सकाळसाठी ठेवा. कोल्हापुरी स्वयंपाकघरात याचा अर्थ असा. मटण शनिवारी आणायचं. तांबडा रस्सा आणि सुकं शनिवारी संध्याकाळी करून, शिजल्यापासून दोन तासांच्या आत निववून फ्रिजमध्ये; रविवारी लागेल तेवढंच काढून खळखळून एकदा उकळायचं. पांढरा रस्सा मात्र नको, नारळाचं दूध पुन्हा उकळताना फाटतं. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, दुधात भिजवलेल्या दशम्या मऊ राहतात. वह्या शुक्रवारी.

सुरुवात चोवीस तासांची करू नका, मोडते. दुपारी एक ते चार, मोबाइल कपाटात, एवढं चार रविवार. डुलकी अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत, नाहीतर रात्रीची झोप जाते. पहिले दोन रविवार उलटच वाटेल: बेचैनी, डोकं जड, उगाच कपाट आवरायची हुक्की. सवय तुटताना असं होतं, त्याला देवाची नाराजी समजू नका. हंगामाची सबबही चालत नाही. निर्गम ३४:२१ नांगरणी-कापणीतही विसावा घ्यायला सांगतं, मग परीक्षेचे पेपर आणि ऊसतोड त्यात आलीच.

एक मात्र वेगळं धरा. दोन आठवडे कशातच रस नाही, विसाव्यानेही थकवा हटत नाही, किंवा एलीयासारखं "आता पुरे" मनात येतंय, तर तो आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

पाचव्या भेटीला ताई नवीनच शंका घेऊन आल्या. निर्गम ३५ मध्ये शब्बाथ दिवशी विस्तव पेटवू नका असं आहे, मग रस्सा गरम केला तर?

"शब्बाथ मनुष्यासाठी झाला, असं प्रभूच म्हणाला. गरम करा. फक्त तुम्ही नको. घरात अजून तिघांना लायटर चालवता येतो."