वाचक विचारतात : भरूचच्या खाडीत जहाजं कशी शिरत?

प्रश्न : बडोद्याहून सुरतेकडे जाताना भरूचच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी नर्मदेत वाळूचे पट्टे दिसतात. इजिप्तहून येणारी जहाजं या पात्रातून गावापर्यंत खरंच पोचत होती का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : पोचत होती, पण वाट दाखवणारा सोबत असेल तरच. सरदार सरोवरानंतर खालचा प्रवाह घटला हे खरं, तरी रेतीचे उंचवटे तेव्हाही होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक लेखकाने ‘पेरिप्लस’ हे सागरी मार्गांचं पुस्तक लिहिलं. भरूचला तो बारिगाझा म्हणतो आणि सगळ्यात तपशिलाने सांगतो तो इथला धोका.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक काही ठिकाणी १० मीटरच्या वर जातो. अमावास्या-पौर्णिमेची भरती सर्वांत जोरदार. रात्री आधी मुखाकडून गर्जना ऐकू येते आणि मागोमाग पाण्याचा लोंढा उथळ जागांवरून सळसळत आत घुसतो. अशा वेळी जहाज रेतीवर टेकून कललेलं असेल तर ते उलटतं. नांगर टाकून थांबावं, तर आखातात काही ठिकाणी तळाशी धारदार खडक. दोर कापले जात.

म्हणून राजाच्या चाकरीतले इथले कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाज वल्ह्यांच्या जोरावर ओढून आणत. भरती लागली की निघायचं, ओसरू लागली की नदीतल्या ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकायचा. मुखापासून गाव ३०० स्टेडिया, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर, आणि पुढची भरती साडेबारा तासांनी. तेव्हा हा प्रवास टप्प्याटप्प्यानेच होई. भरूचच्या भरभराटीचं श्रेय बंदराच्या जागेपेक्षा या कोळ्यांना आणि त्यांना पोसणाऱ्या राजसत्तेला द्यायला हवं.

प्रश्न : महाराष्ट्राचा माल इतक्या लांब का जाई? कल्याण जवळ नव्हतं का?

उत्तर : जवळ होतं, पण त्या काळी कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भरूचला नेली जात. त्यामुळे पैठणचा अकीक (रंगीत मौल्यवान दगड) बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, २० दिवसांच्या वाटेने उत्तरेला यायचा. पैठणच्या आग्नेयेला आणखी १० दिवसांवर धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून कापड येई. बदल्यात इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं आणि रोमन नाणी उतरत. नाणी इथल्या चलनात बदलून घेण्यात व्यापाऱ्यांना नफा होता.

कोळ्यांना चाकरीत ठेवणाऱ्या भरूचच्या राजाला अभ्यासक सहसा शक क्षत्रप (शासक) नहपान मानतात. त्याचा जावई उषवदात याने भरूचला धर्मशाळा बांधल्याची नोंद नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात आहे. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे.