नवऱ्याची सही आणि सरणारे आठवडे

गर्भपाताच्या कायद्याविषयी विचारणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत आणि गाव ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझे वय २६ आहे. मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दहा महिन्यांचा, अजून अंगावर पितो. बाळंतपणानंतर पाळी आलीच नव्हती, त्यामुळे दिवस गेल्याचे कळले नाही. सोनोग्राफीत पंधरा आठवडे निघाले. मालक मिरची तोडायला तेलंगणात गेले आहेत, ते शिमग्याच्या आसपास परततील. फोन कधी लागतो, कधी लागत नाही. लागला तेव्हा ‘तू पाहून घे’ एवढेच म्हणाले. तालुक्याच्या दवाखान्यात गेले, तर ‘नवऱ्याची सही आणा, नाही तर सोबत नसबंदीचे ऑपरेशन करून घ्या’ असे सांगण्यात आले. मला हे मूल ठेवायचे नाही. मी काय करू? — एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताई, छापील उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ तुमच्याजवळ नाही, म्हणून तुम्हाला टपालाने आधीच कळवले आहे. येथे छापतो आहोत ते तुमच्यासारख्या इतर जणींसाठी.

नवऱ्याच्या सहीची गरज नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपाताला तिची एकटीची लेखी संमती पुरते, हे १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात पहिल्यापासून आहे. ज्या कागदावर ही संमती घेतात त्याला फॉर्म-सी म्हणतात. त्यावर ‘अमक्याची मुलगी किंवा पत्नी’ असे लिहायला जागा असते, म्हणजे नवऱ्याचे नाव विचारलेले आहे. पण सही त्याची नव्हे, तुमचीच. बहुतेक गोंधळ या एका ओळीतून होत असावा, असे मला वाटते. नसबंदीची अट तर कायद्यात कोठेच नाही. ती करायची की नाही आणि केव्हा, हा निर्णय वेगळा आहे आणि तोही तुमचाच आहे.

मग दवाखाना सही का मागतो? त्याचे मूळ कायद्याच्या बांधणीत आहे. गर्भ पाडणे हा १८६० च्या दंड संहितेत गुन्हा होता (कलम ३१२), आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ८८ म्हणून कायम आहे. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा त्या कलमातून सुटलेली नाही. १९६४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने १९६६ मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून जो कायदा झाला तो स्त्रीला हक्क देणारा नसून, ठरावीक अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्या गुन्ह्यातून मोकळा करणारा आहे. ‘आपल्याकडे गर्भपाताचा हक्क आहे’ असे दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत सर्रास म्हटले जाते, तेव्हा ही गोष्ट नजरेआड होते. ज्याला संरक्षण दिले आहे तो संरक्षण गमावण्याला भितो, आणि उद्या सासरची माणसे दवाखान्यात येऊन भांडतील या भीतीने कायद्याने न मागितलेली सही मागून ठेवतो.

तुमच्या बाबतीत कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. १९७१ मध्ये बारा आठवड्यांनंतर दोन डॉक्टर लागत; २४ सप्टेंबर २०२१ पासून ती अट गेली, परंतु पुष्कळ ठिकाणी जुनी सवय अजून सुरू आहे. गर्भामुळे स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचेल का, हे ठरवताना तिची आजची आणि पुढची परिस्थिती लक्षात घेता येते, असे कायदाच म्हणतो. अंगावर पिणारे लेकरू, दूरदेशी गेलेला नवरा, हातावरचे पोट ही ती परिस्थिती. ती डॉक्टरांना संकोच न करता सांगावी.

एक गोष्ट मात्र दवाखान्याच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. काही डॉक्टरांना आणि काही केंद्रांना फक्त बारा आठवड्यांपर्यंतच्याच गर्भपाताची परवानगी असते, आणि तसे असेल तर त्यांचा नकार खरा आहे. तेव्हा ‘सही नाही म्हणून नाही, की आठवडे जास्त म्हणून नाही’ हे स्पष्ट विचारा आणि कारण कागदावर लिहून मागा. कागद मागितला की पुष्कळदा नकाराची भाषा बदलते. त्यानंतर आशाताईंना सोबत घेऊन थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा. तेथेही अडले, तर तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते आणि तिच्यामार्फत कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो.

घाई कशासाठी, हे २०२३ च्या एका खटल्यावरून दिसेल. दोन लेकरांची आई, वय २७, धाकटे अंगावर पिणारे, पाळी आलेली नाही, म्हणून गर्भ उशिरा कळला. तुमचीच गोष्ट म्हणा. प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ९ ऑक्टोबरला परवानगी दिली, दोनच दिवसांनी त्यांच्यात मतभेद झाले, आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली, कारण गर्भ २६ आठवड्यांच्या पुढे गेला होता, त्यात व्यंग नव्हते आणि आईच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता. पंधराव्या आठवड्यात जे एका डॉक्टरच्या मताने होते, ते सव्विसाव्या आठवड्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही झाले नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. २०२१ मध्ये मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, म्हणजे मुली मारणाऱ्यांना आणखी सवड दिली, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय गर्भ हा जीव आहे. त्याच्या बाजूने बोलणारा या चर्चेत कोणी दिसत नाही. — एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमच्या काळजीला आधार आहे. जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. पण ही घट झाली तेव्हा मुदत वीसच आठवड्यांची होती, हेही ध्यानात घ्यावे. मुली गेल्या त्या मुदतीमुळे नव्हे, तर यंत्रात काय दिसते ते पैसे घेऊन सांगितले गेल्यामुळे. म्हणून गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा आला. या कायद्यात गुन्हा लिंग तपासण्याचा आणि ‘सांगण्याचा’ आहे. आणि स्त्रीने तपासणी करून घेतली असेल, तर नवऱ्याने वा सासरच्यांनी तिला भाग पाडले असेच न्यायालय गृहीत धरते, तसे नव्हते हे त्यांनी सिद्ध करायचे असते.

चोवीस आठवड्यांची सवलतही सर्वांना नाही. बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, गर्भारपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, दिव्यांग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या, आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया, एवढ्यांसाठीच ती आहे आणि तिला दोन डॉक्टरांचे मत लागते. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवते, आणि आईचा जीव वाचवण्यासाठी मात्र कोणतीच मुदत नाही. गर्भ जसजसा वाढतो तसतसा कायदा दार लोटत नेतो. जिवाच्या बाजूने बोलणे याहून वेगळे काय असते, हे मला समजलेले नाही. आधीच्या आठवड्यांतही दार बंदच असावे असे तुम्हाला वाटत असेल, तर आपला मतभेद आहे आणि तो राहू द्यावा.

पण एक गाऱ्हाणे मीही मांडतो. लिंगनिदानाच्या कायद्याचा धाक सोनोग्राफीच्या खोलीत बसायला हवा होता, तो बसला गर्भपाताच्या टेबलावर. बारा आठवड्यांच्या पुढची स्त्री दिसली की ‘हिने मुलगी म्हणून तर नाही ना काढायला घेतले’ या संशयाने तिला परत पाठवणारे डॉक्टर मला माहीत आहेत. परत पाठवलेली स्त्री घरी जाऊन गप्प बसत नाही. ती औषधाच्या दुकानात जाते, नाही तर ‘पिशवी साफ करून देणाऱ्या’ बाईकडे.

प्रश्न : अमेरिकेत हा हक्क काढून घेतला, आपल्याकडेही तसे होईल का? आणि लग्न न झालेल्या मुलीला हा कायदा लागू आहे का? — एक विद्यार्थिनी, वर्धा जिल्हा

उत्तर : अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी फिरवला आणि विषय राज्यांकडे गेला. आपल्याकडे आधार न्यायालयाच्या एखाद्या निकालाचा नसून संसदेच्या कायद्याचा आहे, म्हणून तसे होण्याची वाट वेगळी, संसदेतून जाणारी असेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. २०२१ मध्ये ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या सवलतीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही असे सांगितले. त्याच निकालात, या कायद्यापुरते, नवऱ्याने केलेली बळजबरीही बलात्कारात धरली आहे. तुझे नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गावातल्या सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले आहेत, आठ-नऊ आठवडे असतील. आई म्हणते, दवाखान्यात नेले तर पोलीस येतील, मेडिकलमधून गोळ्या आणून दे. वडील म्हणतात, मुलाशी लग्न लावून टाकू. मी नेले तर माझ्यावर काही येईल का? — एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : गोळ्या आणून देऊ नका, अंगावर काही आले तर दवाखान्यात नेल्याने नव्हे, त्याने येईल. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहेत, पण डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. तपासणी का हवी, हे त्या आईला असे सांगा: गर्भ पिशवीत नसून नळीत असेल, तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून मुलगी दगावू शकते. शिवाय आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, पोरींच्या अंगात रक्त कमी असते. तिचे हिमोग्लोबिन न पाहता रक्तस्राव सुरू करणे हा जुगार आहे. कोणी आधीच गोळ्या दिल्या असतील आणि तासाला दोन मोठे पॅड भिजण्याइतके रक्त सलग दोन तास जात असेल, तर १०८ ला फोन करा आणि गोळ्या घेतल्याचे डॉक्टरपासून लपवू नका.

पोलिसांची भीती खोटी नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तिची मर्जी असली तरी पॉक्सो कायद्याने (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) तो गुन्हाच ठरतो, आणि माहिती असणाऱ्याने कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. लग्न लावल्याने हे मिटत नाही, त्यात बालविवाहाचा आणखी एक गुन्हा वाढतो. मात्र २०२२ च्या त्याच निकालाने एक वाट दिली आहे: मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. ही सूट डॉक्टरसाठी आहे. म्हणून तिला आधी सरकारी रुग्णालयात न्या, ती विनंती साध्या कागदावर लिहून आई आणि मुलगी या दोघींची सही घ्या, आणि डॉक्टरांकडून माहिती गेल्याची खात्री करून ती तारीख आपल्या वहीत टिपून ठेवा. गर्भपाताच्या संमतीवर पालकाची सही लागेल.

एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. परवानगी मिळाल्यावर आठवड्याभरात आईवडिलांचे मन बदलले आणि न्यायालयाने आदेश मागे घेतला. पण अंतिम निकालात, मुलीचे मत पालकांहून वेगळे असेल तर तेही महत्त्वाचे धरले पाहिजे, असे नोंदवले. तुमच्या पत्रात आईचे म्हणणे आहे, वडिलांचे आहे, तुमचेही आहे. मुलीचे एकही वाक्य नाही. पाणी भरायला निघेल तेव्हा तिच्यासोबत एकट्याने चालत जा आणि तिला विचारा. हे या आठवड्यातच करा, कारण नववा आठवडा उलटला की गोळ्यांचा मार्ग दवाखान्यातही सहजी उरत नाही.