वाचकांचे प्रश्न : डिमेन्शियाचं केअर होम पारखायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई. आईला अल्झायमर आहे. बरीच वर्षं घरीच सांभाळलं, पण आता ती रात्री उठून दार उघडून बाहेर पडते, दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडलं, शेवटी भावाचं आणि माझं ठरलं की होम बघायचं. दोन ठिकाणं बघून आलो. एक एकदम चकाचक, मॅनेजरने तासभर फिरवून दाखवलं, सीसीटीव्ही, फिजिओथेरपी, अ‍ॅक्टिव्हिटी रूम सगळं आहे. दुसरं जुनं, भिंतींचा रंग उडालेला, पण तिथून निघताना का कोण जाणे बरं वाटलं. मिस्टर म्हणतात भावनेवर जाऊ नको, रिव्ह्यू वाच. रिव्ह्यू वाचले तर निम्मे पाच स्टार आणि निम्मे एक स्टार. नेमकं बघायचं तरी काय?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक करा, दोन्हीकडे परत जा, पण यावेळी अपॉइंटमेंट न घेता आणि जेवणाच्या वेळेला. सकाळी अकराला ठरवून गेलं की कुठलंही होम छान दिसतं, सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, कपडे बदललेले असतात, स्टाफ पूर्ण असतो. जेवणाच्या वेळी तसं काही सावरायला वेळ नसतो. एका कोपऱ्यात अर्धा तास बसू देता का विचारा. नाही म्हणाले तर कारण काय देतात ते ऐका. इतरांच्या प्रायव्हसीचं कारण योग्य असू शकतं, पण मग दुसरी वेळ, दुसरी जागा द्यायला हवी ना.

बसायला मिळालं की सगळीकडे नजर फिरवत बसू नका, स्वतःच्या हाताने जेवता न येणारी एकच व्यक्ती निवडा आणि तिच्याकडेच बघा. भरवणारी मदतनीस शेजारी खुर्ची घेऊन बसलीये की उभ्याउभ्या वरून चमचा देतेय? चमच्यात काय आहे ते सांगते का? पहिला घास गिळून झालाय का बघते का, की तोंडात घास तसाच असताना दुसरा पुढे करते? मध्येच दुसऱ्या बाईशी गप्पा आणि हात आपला मशीनसारखा चालू, असं दिसलं तर समजा तिथे जेवण म्हणजे उरकायचं काम आहे. डिमेन्शिया पुढे गेला की गिळायला वेळ लागतो, घाई केली की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, त्यामुळे ही नुसती मायेची गोष्ट नाहीये, जिवाची आहे.

ताटं पण बघा. 2004 साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या पेशंटना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटं-कप देऊन बघितले, तर खाणं 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. अभ्यास छोटा होता, पण कारण पटण्यासारखं आहे, नजरेला कॉन्ट्रास्ट कळेनासा होतो आणि पांढऱ्या ताटातलं फिकट अन्न वेगळं दिसतच नाही, मग माणूस खात नाही आणि आपण म्हणतो भूक मेली. एखाद्या होममध्ये रंगीत ताटं दिसली तर तिथे कुणीतरी या आजाराचा विचार केलाय एवढं नक्की. तसंच फरशीचं, खूप चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते आणि दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं. तुमच्या त्या चकाचक होमची फरशी कशी होती आठवून बघा.

मग लोकांच्या चेहऱ्याकडे बघा. चष्मे पुसलेले आहेत का, ज्याचा चष्मा त्याच्याच डोळ्यावर आहे का (हसू नका, अदलाबदल सर्रास होते), कानाच्या मशीनमध्ये चालू सेल आहे का, कवळी तोंडात आहे की कपाटात. ज्याला आधीच नीट कळत नाही त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही असं केलं तर तो बिचारा गोंधळणार नाही तर काय होईल, आणि मग फाइलवर शेरा पडतो की पेशंट चिडचिड करतो.

माझ्या मते होमची खरी परीक्षा इथेच आहे. डिमेन्शियात शब्द जातात पण सांगायचं असतंच, मग माणूस ओरडून, हात झटकून, येरझाऱ्या घालून सांगतो. होम त्याला निरोप समजतं की त्रास, यावर तुमच्या आईचे पुढचे दिवस कसे जाणार ते ठरतं. बाकी सगळं माझ्यासाठी त्यानंतर. म्हणून मॅनेजरला सोडा, वॉर्डातल्या मदतनीस बाईंना एकच विचारा, की एखादी आजी आंघोळीला नाही म्हणाली तर तुम्ही काय करता हो? "दोघी मिळून धरतो, करावंच लागतं" असं उत्तर आलं तर तिथून निघा. "थोड्या वेळाने परत जाते, नाहीतर दुसरी कुणी जाते, अंगावर टॉवेल ठेवून करते, पाणी गार वाटतंय का बघते, एकीचा खांदा दुखायचा तेव्हा हात वर केला की ती मारायची" असं काही ऐकायला मिळालं तर त्या बाईंना कुणीतरी शिकवलंय किंवा त्या स्वतःच बघून शिकल्यात, दोन्ही चांगलंच. ब्रिटनमध्ये टॉम किटवुड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आधी माणूस आणि मग आजार हा विचार मांडला आणि त्याच्या गटाने ब्रॅडफर्डमध्ये एक पद्धत तयार केली, ज्यात निरीक्षक तासन् तास हॉलमध्ये बसून पेशंटच्या बाजूने नोंदी करतो, कोण त्याच्याशी कसं बोललं, तो खुश दिसला का, त्याला टाळलं का. तुम्ही अर्ध्या तासात तेच करताय असं समजा.

आणखी एक, कुठल्याही एका पेशंटबद्दल सहज विचारा, हे कसे आहेत हो. "चार नंबर, शुगर आहे, भरवायला लागतं" की "हे शिंपीकाम करायचे, हातात कापड दिलं की शांत बसतात"? नाव-गाव सांगू नये हे बरोबरच, पण माणूस माहीत आहे की नाही ते दोन वाक्यांत कळतं.

कागदही बघायचे. पडण्याची नोंद, दर महिन्याचं वजन, बेडसोअर किती जणांना आहेत आणि त्यातले किती होममध्ये आल्यानंतर झाले. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलं तर ती धोक्याची खूण धरतात, तेव्हा होमने स्वतःहून डॉक्टरला आणि घरच्यांना कळवायला हवं. रात्री किती जणांमागे किती स्टाफ असतो ते विचारा, आणि तेच लोक टिकून आहेत की दर महिन्याला नवे चेहरे, हेही. तुमची आई रात्री उठते म्हणजे तुमच्यासाठी रात्रीची शिफ्ट दिवसाच्या शिफ्टपेक्षा महत्त्वाची आहे, आणि संध्याकाळी एकदा जाच, कारण उन्हं उतरली की पुष्कळ जणांची घालमेल वाढते.

खुर्चीला पट्ट्याने बांधलेलं कुणी दिसलं तर विचारा का बांधलंय. पडू नये म्हणून, हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण बांधून ठेवल्याने स्नायू जातात, सोडल्यावर माणूस जास्त पडतो, आणि पलंगाच्या कठड्यावरून चढून उतरायला गेला तर अजून उंचावरून पडतो. अमेरिकेत 1987 च्या कायद्यानेच नर्सिंग होममधल्या माणसांना हा हक्क दिलाय, की शिस्तीसाठी किंवा स्टाफच्या सोयीसाठी त्यांना बांधायचं नाही आणि औषधांनी गुंगवायचंही नाही.

आता रिव्ह्यू. स्टार मोजू नका, मजकूर वाचा. जागा सुंदर, स्टाफ प्रेमळ एवढंच असेल तर ते निरुपयोगी आहे, त्यातून काहीच कळत नाही. ज्याचा माणूस वर्ष-दोन वर्षं तिथे होता त्याचं वाचा, आणि तक्रारीला होमने काय उत्तर दिलंय ते तर वाचाच. जिथे सरकारी तपासणी होते तिथले रिपोर्ट मिळवा, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन होमची तपासणी करून रिपोर्ट सगळ्यांना वाचायला खुला ठेवतं. पण रिपोर्टची तारीख आधी बघा, मॅनेजर बदलला की वर्षभरात होम बदलतं. जिथे असली तपासणीच नाही तिथे घरच्यांनाच इन्स्पेक्टर व्हावं लागतं.

त्या जुन्या होममध्ये तुम्हाला बरं वाटलं ना, ते भावनिक म्हणून सोडून देऊ नका, काहीतरी बघितलं असणार तुम्ही तिथे. परत जा आणि ते काय होतं ते शोधा. मी तुमच्या जागी असते तर रंग उडालेल्या भिंती चालवून घेतल्या असत्या. मात्र रजिस्टर दाखवायला त्यांनी टाळाटाळ केली तर तेही नको.

प्रश्न : वडील होममध्ये आहेत. घरी असताना दिवसभर फिरायचे, आरडाओरडा करायचे. आता होमवाले म्हणतात छान सेटल झाले. पण मी जातो तेव्हा ते खुर्चीत मान टाकून झोपलेले असतात, हाक मारली तर डोळे उघडतात आणि परत मिटतात. मी उगाच शंका घेतोय का?

उत्तर : अजिबात उगाच नाही. आधी हे सांगा, हा बदल हळूहळू झाला की एक-दोन दिवसांत? अचानक झाला असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, आजच डॉक्टरला दाखवा. लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, तुंबलेलं पोट, नवीन औषध, यातल्या कशानेही डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा मेंदूचा गोंधळ होतो, आणि त्यात सगळेच आरडाओरडा करतात असं नाही, काही एकदम गप्प होतात. गप्प माणसाचा कुणाला त्रास नसतो म्हणून ते लक्षातच येत नाही.

तसं नसेल तर औषधांचा चार्ट मागा. तोंडी यादी नको, रोज सही होते तो चार्ट. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारांवरच्या औषधांपैकी काही आहे का बघा. डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2005 मध्ये यातल्या नव्या पिढीच्या औषधांवर आणि 2008 मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवरही सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. स्ट्रोकचा आणि पडण्याचा धोकाही आहेच. लुई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस कडक होऊन गंभीर होऊ शकतो. कधी कधी ही औषधं खरंच लागतात, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, बाकी सगळं करून झालं असेल तेव्हा. पण कमी डोस, थोडे दिवस, आणि बंद कधी करायचं त्याची तारीख आधीच ठरलेली. तुम्हाला न विचारता सुरू केलं असेल तर का सुरू केलं, कुणी लिहून दिलं, परत कधी बघणार, ही तीन उत्तरं लेखी घ्या. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. झोपेच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून देतात त्यातल्या काही, यांनीही गुंगी आणि गोंधळ वाढतो, तेही डॉक्टरला दाखवा.

आणि हे पण विचारा, की वडील ओरडायचे तेव्हा त्यांना कुठे दुखतंय का हे कुणी बघितलं होतं का. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी पेनॅड नावाची दुखणं मोजायची पट्टी 2003 पासून आहे, श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, एवढं बघून शून्य ते दहा मार्क द्यायचे, मिनिटांचं काम आहे. गुडघा दुखणाऱ्या माणसाला गुंगीचं औषध देऊन सेटल केलं असेल तर दुखणं तिथेच आहे, फक्त ओरडणं थांबलंय.

प्रश्न : दर वेळी निघताना आई हात धरते, मला घरी ने म्हणते. म्हणजे तिला तिथे त्रास देत असतील का?

उत्तर : नुसत्या तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. स्वतःच्या घरात बसूनही पुष्कळ जण घरी जायचं म्हणतात, त्यांच्या मनातलं घर लहानपणचं असतं, किंवा लघवीला लागलेली असते, भीती वाटत असते, संध्याकाळ झालेली असते. हेच आता तुझं घर असं समजावू नका, तिच्या घराबद्दल तिलाच विचारा, कोण कोण आहे तिथे, आणि तेवढ्यात एखादी ओळखीची मदतनीस हात धरून तिला दुसरीकडे नेते का बघा. तुम्ही गेल्यावर ती किती वेळ अस्वस्थ असते हे स्टाफला नेमकं सांगता आलं पाहिजे, "होते हो शांत" एवढं पुरेसं नाही.

काळजी वेगळ्या गोष्टींची करा. ठरावीक एकाच माणसाला बघून ती अंग चोरते का, दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे वळ आहेत का, जखमेची कारणं प्रत्येक जण वेगळी सांगतो का, तुम्हाला तिच्याबरोबर एकटं बसू देत नाहीत का. यातलं काहीही दिसलं तर तारखेसकट फोटो काढा, त्याच दिवशी होमबाहेरच्या डॉक्टरकडून तपासून घ्या आणि तक्रार लेखी द्या, होमला आणि होमच्या वर जी यंत्रणा असेल तिलाही. मारहाणीचा संशय असेल तर होमच्या अंतर्गत चौकशीची वाट न बघता सरळ पोलिसांत जा.