आमचा तालुका तासगाव, मग मतदारसंघ खानापूर का? ही हद्द आमदारच ठरवतात का?

हद्द आमदार ठरवत नाहीत, परिसीमन आयोग ठरवतो. सध्याची हद्द न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून आखली आणि विधानसभेसाठी ती 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाली. मी स्वतः तासगाव तालुक्यातल्या विसापूर महसूल मंडळातला (मंडळ म्हणजे तालुक्यातील काही गावांचा महसुली गट) असल्यामुळे आणि आमच्या दाजींशी या विषयावर जुना वाद असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दाजी तासगावचे. पुढाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी आमचे मंडळ तोडून दिले, असे त्यांचे ठाम मत आहे आणि सणासुदीला पंगतीत ते हटकून निघते. एका दिवाळीला मी जनगणनेचे आकडे घेऊनच जेवायला बसलो. राज्याची लोकसंख्या सुमारे 9 कोटी 69 लाख आणि जागा 288, म्हणजे एका मतदारसंघाला सरासरी 3 लाख 36 हजार. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 83 हजार असल्याने वाट्याला आठ जागा आल्या. पूर्वी नऊ होत्या. मतदारसंघाने जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांची बेरीज सरासरीला कमी पडते, तर तासगाव आणि कवठेमहांकाळची जास्त होते. म्हणून खानापूर तालुक्याला लागून असलेले विसापूर मंडळ तिकडे गेले. ‘आकडे काय, कसेही फिरवता येतात,’ असे म्हणून दाजींनी आमटी वाढून घेतली.

गैरसोय होते, हे मलाही मान्य आहे. दाखल्यासाठी तासगावचे तहसील गाठायचे आणि आमदारांकडे काम असले की दुसऱ्या तालुक्यात जायचे. पण गाऱ्हाणे मांडण्याची वेळ तेव्हा होती. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला, हरकती मागवल्या गेल्या, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि दाजींनी त्या काळात एक ओळसुद्धा लिहून दिली नाही. अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते. उघडउघड मनमानी झाली असेल तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे. परंतु नुसत्या नाराजीवर तिथे काही निभावत नाही.

एक मात्र सांगायला हवे. आयोगासोबत राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. त्यांना मताचा अधिकार नसला तरी सूचना करता येतात आणि त्यांचे वेगळे प्रस्ताव मसुद्यासोबत छापले जातात, त्यामुळे पुढाऱ्यांचे म्हणणे तिथे पोहोचतच नाही, असे मी म्हणणार नाही.

पुढील पुनर्रचनेत आपल्याला हरकत घ्यायची असेल, तर अर्जात ‘अन्याय’ हा शब्द टाळून गावनिहाय लोकसंख्या आणि रस्त्यांची स्थिती लिहा, शिवाय आपले मंडळ काढल्यास बदल्यात कोणते द्यावे, हेही सुचवा. दाजींनाही मी हेच सांगितले आहे, तर ते म्हणतात की अर्ज तूच लिही, मी सही करतो.