घराच्या नूतनीकरणाचं काम रखडलं की मन कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांचं काम पाचव्या महिन्यात गेलं, ठेकेदार रोज नवी तारीख देतो आणि घरात सगळ्यांची चिडचिड होते. वाचताना आमचं डोंबिवलीचं घर डोळ्यांपुढे आलं. आमची इमारत १९८९ची. ‘पंचेचाळीस दिवस’ असं ठरवून मे महिन्यात काम काढलं आणि दसरा उलटल्यावर संपलं. त्या वर्षी गणपती दिरांकडे बसवावे लागले, ते सासूबाईंना फार लागलं.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा. कोणता उशीर घराला हवाय आणि कोणता माणसांमुळे होतोय, हे मी वेगळं करायला शिकले. पहिल्याला घाई करायची नाही, दुसऱ्याला सोडायचं नाही.

बाथरूम फोडलं तेव्हा भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप गंजून आतून इतके बुजले होते की करंगळी जाईना. ते बदलण्यात आठवडा गेला. मग कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे कोट, आणि टाईल लावायच्या आधी पाणी भरून ठेवण्याची परीक्षा. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीखालचं तोंड, बंद करून चार बोटं पाणी भरलं आणि मी भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. तेवढ्यात खालच्या काकूंचा फोन आला, "अगं, आमच्या छताला ओल दिसतेय."

तेव्हा आम्ही तीन आठवडे मागे होतो. ठेकेदार म्हणाला, टाईल लावून टाकू, सांध्यांत ग्राऊट (फटी बुजवायचा लगदा) भरलं की थांबेल. हे खोटं आहे. टाईलच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच, ते अडवायचं काम खालच्या थराचं असतं. यजमानांनी काम थांबवलं. ट्रॅपच्या कडेने कोबा फोडून, सांधा नीट भरून, पुन्हा कोट मारले. आणखी दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी दोनदा रडले, पण आज विचाराल तर सगळ्या कामातले तेच दिवस सत्कारणी लागले असं मी म्हणेन.

प्लास्टरचंही तसंच. निदान सात दिवस पाणी मारायचं, मग ते पुरतं वाळू द्यायचं, पावसाळ्यात जास्तच. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की पुढे पोपडे धरतात.

माणसांच्या उशिराला मात्र धरून राहा. आम्ही पैसे टप्प्याटप्प्याने दिले आणि शेवटचे दहा टक्के सगळं तपासून झाल्यावर. रोज फोन करून भांडण्यापेक्षा दर शनिवारी समोर उभं राहून, पुढच्या आठवड्यात काय होणार ते वहीत लिहून घ्यायचं. कारागिरांचे सण आधी विचारा. बिहारकडचे लोक दिवाळीला गेले की सहा दिवसांनी येणारी छठ करूनच परततात, आणि त्यांनी ती करावीच. वर्षभर ते आपल्या घरांसाठी राबतात. टाईल कमी पडल्या तर खोक्यावरचा शेड नंबर (रंगछटेचा नंबर) आधीच्या टाईलशी जुळतोय का ते बघितल्याशिवाय घेऊ नका. आमची तीन खोकी परत करावी लागली.

आणि घरातल्यांसाठी एक खोली पूर्ण वाचवा. आम्ही आतल्या खोलीच्या दाराला प्लास्टिक लावलं, तिथे देव, शेगडी, मुलीचं अभ्यासाचं टेबल. तिथे कोणाही मिस्त्रीने पाय ठेवायचा नाही आणि कामाचा विषय काढायचा नाही. सगळीकडे सिमेंटची धूळ असताना संध्याकाळी तिथे बसून चौघांनी वरणभात खाल्ला की दिवस निभावून जायचा.

दुसऱ्या परीक्षेला अठ्ठेचाळीस तासांनंतरही पाणी रेघेलाच होतं. मी खाली जाऊन काकूंच्या छताला हात लावून बघितला, कोरडं ठणठणीत.

तुमच्या बाथरूममध्ये टाईल बसल्या का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. बसल्या नसतील तर उद्याच पाणी भरायला सांगा, आणि रेघ स्वतःच्या हाताने मारा.