गाणं तुमचं, पण कागद कुणाच्या नावावर?

प्रश्न : ताई, मी सोलापूरचा, विजापूर रोडला राहतो. दिवसा दुकानात असतो, रात्री गाणी लिहितो. गड्ड्याच्या यात्रेसाठी एक गाणं केलंय. शब्द माझे, चाल मी आणि मित्राने मिळून बसवली, बीट, म्हणजे मागचं तयार म्युझिक, नेटवरून घेतला, स्टुडिओचे पैसे मी भरले. एक जण म्हणतो कॉपीराइट काढल्याशिवाय अपलोड करू नको, दुसरा म्हणतो पेन ड्राइव्ह रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठव, झालं काम. नक्की काय करू?

उत्तर : पोस्टाचं आधी डोक्यातून काढा, कायद्यात त्याला नोंदणीची जागा नाही. आणि कॉपीराइट 'काढावा' लागत नाही, गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून झालं की हक्क तयार होतो, १९५७ च्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाहीच. मग नोंदणी करायची कशाला, तर उद्या कुणी तुमचं गाणं स्वतःच्या नावाने लावलं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरतात, म्हणून करून ठेवाच.

आता खरा गुंता. तुम्ही ज्याला एक गाणं म्हणताय त्यात हक्क तीन आहेत. शब्द म्हणजे साहित्यकृती, चाल म्हणजे संगीतकृती, आणि रेकॉर्डिंग तिसरंच. तिन्हीचे अर्ज वेगळे, शब्दांना ५०० रुपये, चालीला ५००, रेकॉर्डिंगला २०००. पैसे कमी असतील तर शब्द आणि चाल आधी करा असं मी म्हणेन. रेकॉर्डिंगचा मालक कोण, तर ते करायला ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो, त्यामुळे स्टुडिओचं बिल तुमच्या नावावर घ्या आणि जपून ठेवा, नुसतं फोन पे केलं आणि विसरलो असं नको.

चाल दोघांची आहे ना, मग अर्जात दोघांचंही नाव आलंच पाहिजे आणि मित्राची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागेल. हे आज करा. गाणं चालायच्या आधी कुणीच भांडत नाही, चाललं की मग 'ती मुखड्याची जागा माझी होती' सुरू होतं. साध्या कागदावर लिहा, कोणी काय केलं, पैसे आले तर कसे वाटायचे, तारीख टाका, दोघांनी सह्या करा. आणि कुठल्या लेबलने, म्हणजे म्युझिक कंपनीने, करार पुढे केला तर मुदत (हक्क किती काळ देताय) आणि प्रदेश (कुठे कुठे देताय) वाचूनच सही करा. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर भारतापुरतं, पण करारात 'कायमस्वरूपी' लिहिलेलं असलं तर तेच लागू होतं.

बीटचं लायसन्स उघडून बघा. तोच बीट अजून दहा जणांना विकलेला असेल तर तुम्ही त्यावर हक्क सांगू शकत नाही, यूट्यूबच्या कंटेंट आयडीतही, म्हणजे कुणी तुमचं गाणं वापरलं तर ते ओळखणाऱ्या यंत्रणेत, असलं गाणं घालता येत नाही. त्यापेक्षा मी तर म्हणते हलगी वाजवणारा गाठा आणि ठेका स्वतःचा करा, गड्ड्याच्या गाण्याला तोच शोभेल.

अर्ज कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर ऑनलाइन होतो, फॉर्म १४. पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नंबर, येतो, बरेच जण तोच सर्टिफिकेट समजून नाचतात, तसं नसतं. त्यानंतर ३० दिवस कुणाची हरकत येते का बघतात, मग तपासणी, त्यात त्रुटी निघाली तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्या. तोवर गाणं खुशाल अपलोड करा, यात्रा काय तुमच्या सर्टिफिकेटसाठी थांबणार नाही.

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्या नव्या म्युझिकवर गायल्यात. माझ्या नावावर होतील का?

उत्तर : परंपरेने आलेल्या ओव्या कुणाच्याच मालकीच्या नाहीत, शब्दांवर तुमचं नाव लावू नका. तुम्ही केलेलं म्युझिक आणि रेकॉर्डिंग मात्र तुमचं. पण आजीला एकदा विचारा, यातल्या किती तिने स्वतः रचल्यात, कारण तिने रचलेल्या ओव्यांचा हक्क तिचा आहे आणि तिच्यानंतरही ६० वर्षं वारसांकडे राहतो. त्या ओव्यांच्या अर्जात लेखिका म्हणून आजीचंच नाव घाला.